खिडकीबाहेर

"वयनी, नव्या घराला तुमच्या बाजूनं एक खिडकी काढाची हाय. एवढ्या कागदावर सही द्या," धाकटा दीर राजकुमार म्हणाला. तेलंगणातल्या मुधोळात भिंतीला भिंत लावून राहूनही दोन वर्षांत त्यानं चहाला विचारलं नव्हतं. त्यात कागद तेलुगूत. जयवंताबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"पयले घर पाहून घेतो, मंग सही," त्या म्हणाल्या.

बांधायच्या आधीच घरातून फिरवून आणणारा चष्मा राजकुमारच्या इंजिनियरनं त्यांच्या डोळ्यांवर चढवला. उंबरठा दिसताच त्यांनी चपला काढल्या. देवघर झकास, स्वयंपाकघर ऐसपैस. त्यांच्या बाजूला खरंच एकच खिडकी होती. आपणच उगाच संशय घेतला, असं म्हणत त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.



बाहेर त्यांचं घर नव्हतंच. तिथं राजकुमारची गाडी उभी होती.