नणंदेचं खरं नाव

मंगळवारी मीटरवाल्याची बायको गेली. डॉक्टरांनी वेळ घालून तसं लिहूनही दिलं. मीटरवाल्याने त्या कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि बुधवारपासून असं काही झालेलंच नाही, असं ठरवून टाकलं. आपणही उगाच त्याचं मन कशाला मोडा? तर बायको घरातच आहे. गुडघे दुखताहेत म्हणून बाहेर पडत नाही, एवढंच.

गुरुवारी पंपहाउसमागच्या भिंतीशी नणंद फुलली.

नणंद म्हणजे वीतभर उंचीचं एक रानरोप. तिळाएवढी जांभळी फुलं, वर्षातून आठ दिवस, तीही सकाळी दहापर्यंतच. "आपण आलो की तोंड मिटते. अगदी माझी नणंद," असं म्हणून बायकोनेच ते नाव ठेवलं होतं.

"माझ्या बहिणीला मध्ये आणायचं काम नाही," तो म्हणाला होता. "हिचं खरं नाव आणून देतो तुला. लिहून ठेव."

त्याला आता तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी पोचायला उशीर झाला. दुसऱ्या वर्षी शेळी आधी पोचली.

मीटरवाला लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचून वाचून निवृत्त झालेला. उभ्या नोकरीत एक आकडा चुकला नाही, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं. निवृत्तीनंतर तो रानरोपांचे फोटो काढून वनस्पती ओळख कक्षाला पाठवू लागला. फूल समोरून, फूल बाजूने, पान सुलटं, पान उलटं, देठ खोडाला चिकटतो ती जागा. पाच वर्षांत दोनशे अकरा रोपं आणि दोनशे अकरा नावं. एक फोटो परत आला नाही. काम सगळं त्याचं. बायको नुसती रोपापाशी उकिडवी बसायची आणि मधे मधे करायची.

"हात काढ ना. फोटोत येतोय."

"येऊ दे की! दोनशे गवतांचे काढलेत, माझा काढलात का कधी एखादा? आणि आटपा, इथे गुडघ्यांचा बाजा वाजलाय."

गुरुवारी मधे मधे करणारं कुणी नव्हतं. त्याने निवांत बत्तीस फोटो काढले. संध्याकाळी कक्षाचं उत्तर आलं : 'भिंत विटांची आहे. वनस्पती ओळखता येत नाही.'

त्याने फोटो मोठा करून पाहिला. विटेवर एक मुंगी चालली होती, तिचे पाय मोजता आले असते. नणंदेच्या जागी नुसता जांभळा धूर.

शुक्रवारी त्याने लेन्स शर्टाच्या टोकाने पुसून पाहिली. शनिवारी पालथं पडून फोटो काढले. रविवारी श्वास रोखून काढले, आणि इतका वेळ रोखला की पंपहाउसच्या रखवालदाराने त्याला काठीने ढोसून पाहिलं. भिंत दिवसेंदिवस सुंदर येत गेली. सोमवारी तो फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला.

"काका, कॅमेरा ठणठणीत आहे. हे बघा, तुमचाच काढला."

दाढी वाढलेला, शर्टाची बटणं वरखाली लावलेला एक माणूस अगदी स्वच्छ दिसत होता.

"हा मी नाही," मीटरवाला म्हणाला आणि फोन घेऊन निघाला.

मंगळवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे?"

"कशाला?"

"भिंतीवर लावायला, बाबा."

"भिंतीचे हवे तेवढे आहेत. आईचा तू येऊन काढ. घरातच तर आहे."

पलीकडे मुलगी रडायला लागली. रेंज गेली असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग सगळे फोटो चाळले. दोनशे अकरा रोपं. बायकोचा चेहरा एकाही फोटोत नव्हता.

बुधवारी नणंदेवर एकच कळी उरली. त्याने कक्षाला सविस्तर लिहिलं : 'रीतीप्रमाणे सर्व केले आहे. कॅमेरा तोच, माणूस तोच, जागाही तीच. तरी काय चुकते ते कळवावे. उद्या शेवटचे फूल उमलून मिटेल. नाव आणून देण्याचे घरी कबूल केले असून घरून सारखी विचारणा होत आहे.'

कक्षात कुणीतरी मन लावून काम करणारं असावं. उत्तर दुपारीच आलं.

'महोदय, आपल्या पूर्वीच्या दोनशे अकरा नोंदी तपासल्या. प्रत्येक फोटोत फुलामागे एक हात आहे. तो मागे असल्यामुळेच कॅमेऱ्याचा फोकस मागे दूरवर न जाता फुलावर स्थिरावत होता. फुलांचे तुलनात्मक मापही आम्ही पाच वर्षे त्याच हातावरून घेत आहोत, त्यामुळे दुसरा हात चालणार नाही. तरी उद्या सकाळी दहापूर्वी तोच हात फुलामागे धरून फोटो पुन्हा पाठवावा, ही विनंती.'