बेसमेंटमधली दोरी

अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या त्या वसाहतीत कपडे बाहेर वाळत घालायला मनाई होती, म्हणून वीणानं बेसमेंटमध्ये दोरी बांधली होती. दोरीशेजारीच पुरुषोत्तमरावांची व्यायामाची सायकल.

रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी समोरच्या टीव्हीवर फ्रान्समधल्या एका खेड्याचा रस्ता लावत. पॅडल मारलं की चित्र पुढं सरके, थांबलं की थांबे. दगडी पूल, मग एक घर, अंगणात कपड्यांची रिकामी दोरी. चिटपाखरू नसे.

आज त्या दोरीवर कपडे होते. त्यांचा चौकटीचा पायजमा आणि वीणाची जांभळी इरकली साडी.

त्यांनी मागं वळून पाहिलं. बेसमेंटमधली दोरी रिकामी होती.

"अगं, कपडे वर नेलेस का?"

"नाही हो, ओले आहेत अजून," वीणा स्वयंपाकघरातून म्हणाली. "थांबा, बघते."

जिन्यावर तिची पावलं वाजली आणि मध्येच थांबली.

टीव्हीवरच्या घरातून एक पाठमोरी बाई आली. तिनं साडी काढली, काठ हनुवटीखाली धरला आणि घडी घालू लागली. वीणाही अशीच घालायची.

पुरुषोत्तमरावांनी पॅडल थांबवलं. रस्ता थांबला. बाई थांबली नाही.

"वीणा!" त्यांनी हाक मारली.

टीव्हीवरच्या बाईनं मान वळवली.