सव्विसावा सोमवार

वल्हं पाण्यात घातलं ते चिखलातच रुतलं. सुलक्षणानं ते उपसून काढलं, पदर खोचला आणि गुडघाभर गाळात उतरली. धरणातलं पाणी खाली सोडल्यापासून काठ रोज मागं मागं सरकत होता. मागच्या सोमवारी होडी जिथं लागली होती, तिथं आता नुसता चिखल होता. तिनं होडी ओढली. उजव्या खांद्यातून कळ गेली. जरा थांबून तिनं पुन्हा ओढली.

ती गावची आशाताई, सरकारी दवाखान्याची औषधं घरोघर पोचवणारी. नावाडी पुण्याला वॉचमन म्हणून गेला, तेव्हापासून पलीकडच्या वस्तीवर जायचं तर स्वतःच वल्हवायचं. रस्त्यानं वळसा चौतीस किलोमीटरचा, आणि एसटी निम्म्यातच सोडते. सासऱ्यांची मासे धरायची होडी होती, तीच कामाला आली. जाताना घाटाकडचा वारा तोंडावर असायचा, दंड भरून यायचे. येताना तोच वारा पाठीशी. मग बांबूला जुनी चादर बांधली की होडी आपली आपण चालायची. तेवढाच काय तो आराम.

वस्तीवर घरं चार, त्यातली तीन बंद. चौथ्यात चिमाजीतात्या एकटेच राहत. त्यांना टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या. दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्या द्यायच्या आणि रिकामी पाकिटं तपासायची, हे सुलक्षणाचं काम.

तात्या तिरसट. रिकामी पाकिटं अंगणातल्या दगडावर ठेवून स्वतः दाराआड उभे राहत. "ठिव तितंच आन् निघ," एवढंच बोलत. तांब्याभर पाणीसुद्धा कधी विचारलं नाही. गावातही त्यांच्याबद्दल कुणी बरं बोलत नव्हतं. एकुलता एक मुलगा गोरख कामथडीला टेम्पो चालवायचा. त्याला मुलगी झाली, तर हे नातीच्या बारशालाही गेले नाहीत. वर फोनवरून मुलाला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून गोरखनं इकडं पाऊल टाकलं नव्हतं. आणि अशा माणसासाठी आपण खांदा मोडून घेतोय, हे दर फेरीला सुलक्षणाच्या मनात यायचं.

आजचा सव्विसावा सोमवार. तपासणीचा शेवटचा कागद तिच्या पिशवीत होता. आता पुन्हा इथं यायचं नाही, एवढ्या एका विचारावर तिनं आजचं पाणी कापलं होतं.

तात्या आज दाराआड नव्हते. धुतलेलं धोतर नेसून, पायाशी पिशवी ठेवून अंगणात उभे होते.

"सुटलात, तात्या. गोळ्या बंद," ती लांबूनच म्हणाली.

"म्हंजी गेला आजार?"

"गेला."

ते मटकन दगडावर बसले. मग म्हणाले, "मला पल्याड घिऊन चल, बाई. गोरखकडं जायाचंय."

"गोरखकडं?" तिला राहवलं नाही. "त्याला तर तुमी 'माजा उंबरा चढू नगं' म्हनला हुता."

"मुद्दाम म्हनलो." तात्या खाली बघत होते. "घरात बाळंतीण, पंधरा दिसाचं लेकरू. आजारी हाय म्हनलो असतो तर पळत आला असता. माज्यापाशी बसला असता, आन् आजार घिऊन त्या लेकराकडं गेला असता. रागावला म्हनून तर लांब ऱ्हायला."

सुलक्षणानं त्यांची पिशवी उचलली.

होडी पाण्यात ढकलताना तात्यांनी दुसरी बाजू धरली. त्यांच्या हातात अजून जोर होता. चादर फुगली, होडी निघाली. सव्वीस सोमवारांत पहिल्यांदाच तिच्यासमोर कुणीतरी बसलं होतं.

तात्यांनी पिशवीतून एक झबलं काढलं. पिवळं, बारक्या बारक्या फुलांचं.

"बारशासाठी भोरच्या बाजारातनं आनलं हुतं." त्यांनी ते मांडीवर पसरलं. "आता न्हाई व्हायाचं तिला. सात म्हैन्याची झाली." आणि हसले. तात्यांना हसताना ती पहिल्यांदाच बघत होती.

सुलक्षणानं नजर पाण्याकडं वळवली. दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्यावर तात्यांची थुंकी तपासायला तिनंच नेली होती. अहवाल स्वच्छ आला होता. आता यांच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंही होतं. तिनं कागद फाईलला लावला. त्या सोमवारी लांबूनच ओरडून "गोळ्या बंद करू नका" एवढं सांगितलं आणि वारा पडायच्या आत होडीकडं वळली. तात्यांनी काही विचारलं नव्हतं. तिलाही अंगणात घटकाभर बसावंसं वाटलं नव्हतं. चार महिने झाले त्याला.

"बाई," तात्या म्हणाले, "लेकराला मांडीवर घेतलं तर चालंल न्हवं?"

"चालंल की."

"तसं न्हाई. नीट सांग. आजच घिऊ, का थांबू आजून? कवापासनं चालंल?"

वारा वाढला होता. सुलक्षणानं चादरीची दोरी हाताला गुंडाळून घट्ट धरली.

"आजपासनं, तात्या," ती म्हणाली.