आईचं लाल पेन

“आण वही, मी तपासते,” हाताचं पीठ झटकत आई म्हणाली.

मी आधीच दमलेली. आमच्या शाळेत ऑलिम्पियाडचं गणित कुणी शिकवतच नाही. तीन महिने एकटीच झुंजतेय, त्यात ग्रंथालयाच्या पुस्तकातली उत्तरांची पानं फाटलेली. परीक्षा रविवारी! माझं बरोबर की चूक, सांगणार कोण? सातवी शिकलेली आई?

“मोठ्याने समजावून सांग.” तिने माझं लाल पेन उचललं.

मी कंटाळत सांगत गेले. दोन गणितांना तिने बरोबरची खूण केली, तिसऱ्यावर मात्र ठसठशीत फुली.

“तुला काय कळलं गं?”

“इथे तुझा आवाज बारीक झाला. खोटं बोलतेस तेव्हा होतो तसा.”

मी ती ओळ पुन्हा पाहिली. चूक तिथेच होती.

“अजून चाळीस आहेत, आई.”

तिने गॅस बंद केला. “सांग.”