टबातली काठी

“बाकी काहीही कर, पण टबातली काठी तेवढी काढू नकोस,” असं नणंदेनं बजावलं होतं. ठकीच्या आईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. घरात रांगतं मूल, आणि पाण्यात उभी टोकदार काठी? ठकीच्या डोळ्यात गेली म्हणजे? नणंदेची पाठ वळली तशी काठी माळ्यावर गेली आणि टबावर जाळी ताणली गेली.

टबही नणंदेनंच आणलेला. तिचं काम तळ्यांवरचं. कुठल्या पाण्यात कोणते जीव नांदतात हे बघत ती वर्षभर गमबूट घालून हिंडायची. मागच्या गॅलरीत तिनं टब मांडला, तळाशी गाळ पसरला, पाणवेली लावल्या आणि चतुराची पिल्लं सोडली. मुलं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात, तोच चतुर.

“मैदान असो की डोंगर, साचलेलं गोडं पाणी दिसलं की हा गडी तिथं घर करतो,” ती म्हणाली होती. “वाहत्या पाण्याचं मात्र या जातीला वावडं. पंख फुटेपर्यंत सगळं बालपण पाण्याखाली. आणि डासांच्या अळ्या मटामट खातो. म्हणजे तुझा अर्धा घोर मिटला, चौकीदार!”

चौकीदार हे ठकीच्या आईचं सासरचं नाव. ठकी झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नणंदेचा नवरा गेला. महिना सरला नाही तोच नणंदेनं पुन्हा गमबूट चढवले. बाई धीराची, असं सगळे म्हणाले. माशाला का कुणी पोहायला शिकवतं!

थंडीभर पिल्लं गाळात पडून राहिली. दुपारी ठकीला मांडीवर थोपटत ती टबाकडे बघत बसायची. हिरवं पाणी, त्यात तिरपं उतरलेलं ऊन, तळाशी उगाच कुठंतरी गाळाचा एक हलका ढग. बघता बघता तिचेच डोळे जड व्हायचे. भिंती, पडदे, वाळत घातलेले कपडे, सगळं घरच पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. तेवढ्यात नणंदेचा फोन वाजायचा.

“जेवलात का, ताई?”

“हल्ली भूकच लागत नाही गं. खिडकीशी बसून राहते. वारा लागला की बरं वाटतं.” मग थोडं थांबून, “चार दिवस येऊ का तिकडे?”

“या ना! फक्त ठकीला दात येतायत, नुसती किरकिर चाललीय. जरा निवळली की मीच कळवते.”

“हो गं, सावकाश. माझं काय, मी पाण्यातलीच बाई. मला काय होतंय!”

दात आले. मग सर्दी झाली. मग ठकी धरून उभी राहायला लागली आणि घरातला प्रत्येक कोपरा नव्यानं धोक्याचा झाला. कळवायचं राहूनच गेलं.

हवा तापली, दमट झाली, आणि एक पिल्लू गाळ सोडून वर आलं. टबाच्या गुळगुळीत कडेला पाय रोवायचं, घसरायचं, पुन्हा रोवायचं. दुसऱ्या सकाळीही तेच. चौकीदाराच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं फोन लावला.

“ताई, एक पिल्लू काही खातच नाहीये. तोंड बाहेर काढून काठाशी बसून असतं. आजारी आहे का?”

“आजारी कसलं, वेळ आली त्याची! आता काठीवर चढेल, पाठ उकलेल आणि चतुर बाहेर येईल. काठी आहे ना?”

तिची नजर माळ्याकडे गेली.

“काढलीस?” एरवी नणंद हसली असती. “पळ, आधी लाव. त्याचा पाण्यातला श्वास संपत आलाय, त्याला हवा लागते. वर यायला आधार मिळाला नाही ना, तर जन्मभर पाण्यात राहिलेलं ते पाण्यातच बुडून मरतं.”

फोन तसाच टाकून ती धावली. माळ्यावरून काठी काढली, जाळी सोडली, काठी टबात रोवली, ठकीला कडेवर घट्ट धरलं. पिल्लू काठीशी आलं आणि एकेक पाय उचलत पाण्याबाहेर चढलं. मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग पाठ उकलली. आतून फिकट, ओलसर असं काही बाहेर आलं, चुरगळलेल्या कागदासारखे पंख घेऊन. ते पंख उलगडत गेले, लांबले, काचेसारखे झाले. ठकी डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती. ऊन कठड्यावर आलं तसा चतुर थरथरला आणि उन्हात विरघळल्यासारखा निघून गेला.

काठीवर रिकामं कवच राहिलं. अजून घट्ट धरून.

सवयीनं तिचं बोट ठकीच्या नाकाशी गेलं. आणि तिथंच थांबलं. खात नाही. काठाशी बसून असतं. हवा लागते. हे सगळं तिनं या पिल्लाच्या आधी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं?

तिनं पुन्हा फोन लावला.

“ताई, आजच या.”

“का गं? ठकी बरी आहे ना?”

“ठकी मजेत आहे. तुम्ही या.”

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला. लांबलचक, खोलवरून वर आलेल्या माणसाचा.

तुमच्याही माणसांत कुणीतरी पाण्यातलंच असेल. मला काय होतंय, असं म्हणणारं. हे वाचून झालं की त्याला फोन करा. नुसतं जेवलास का विचारून ठेवू नका. ये म्हणा.