निळं झाकण

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या सासऱ्यांनी हौसेने जुन्या पिकअपला निळ्या रंगाचे तीन हात दिले. गाडी दिसायला नवी नवरी, पण तेव्हापासून दर पाच किलोमीटरवर मान टाकायची. मेकॅनिक सुनेने फिल्टर बदलला, पंप बदलला, फरक शून्य. आजही चढावर बंद पडली. उद्या भंगारवाला येणार होता. “राहू दे गं,” सासरे बॉनेट कुरवाळत म्हणाले. पेट्रोल तरी आहे का, म्हणून सुनेने टाकीचं झाकण उघडलं, तर टाकीने सूंकन हवा ओढली आणि किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं! झाकणातलं हवेचं बारीक भोक रंगाखाली गुडूप! टाकीत हवा शिरेना, म्हणून पेट्रोल इंजिनाकडे सरकेना. “बाबा, झाकणालाही तीन हात?” “चार! उठून दिसावं म्हणून.” दोघं पोट धरून हसली. तिने केसांतल्या पिनेने भोक मोकळं केलं. सासऱ्यांनी ब्रश काढला आणि भोकाभोवती झोकदार अक्षरांत रंगवलं: ‘येथे रंग लावू नये.’