रोज सकाळी सातला

हेल्काने फिनलंडमधल्या तुर्कू शहरात डिजिटल व्हिजिटिंग कार्डांची सेवा उभी केली, आणि चाचणीसाठी पहिलं कार्ड बनवलं ते होड्या बांधणाऱ्या नवऱ्याचं, यालमारीचं. कार्ड कोणत्या नंबरवरून कधी उघडलं, ते तिला दिसायचं. एक नंबर ते रोज सकाळी सातला उघडत होता. रोज उठून होडी कोण विकत घेतं? नवरा आरशासमोर जरा रेंगाळला तरी आता तिचा जळफळाट व्हायचा. तीन आठवडे तिने कळ काढली, आणि एके दिवशी सरळ तो नंबर लावला.

“माझ्या नवऱ्याच्या कार्डात रोज एवढं काय बघतेस गं?”

पलीकडे एक म्हातारा खोकला. “फोटो बघतो. शेजाऱ्याने होडी घेतली, त्याच्याकडून मिळालं कार्ड. अकरा वर्षांपूर्वी यालमारी माझ्याशी भांडून गेला, तेव्हा दाढी नव्हती त्याला. बाप आहे मी त्याचा. सांगू नकोस हं पोरी, नाहीतर बंद करेल तो कार्ड.”



“बाबा, तो फोटो जुना झालाय हो,” हेल्का म्हणाली. “थांबा, आज नवा टाकते. तुमच्या नातीसकट.”